डोटा २ ओसरतो आहे का? मिरजेच्या एका खेळाडूच्या प्रश्नाचे उत्तर

मिरजेच्या एका खेळाडूने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मित्रांचा गट इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात असल्यापासून, म्हणजे २०१३ पासून, डोटा २ हा पाच-पाच जणांच्या दोन संघांत खेळायचा ऑनलाइन संगणक गेम खेळतो. एके काळी रात्री दोन-तीन संघ सहज उभे राहत, आता पाच जण जमवताना फोन करावे लागतात. मॅच लागायला पूर्वीपेक्षा बराच वेळ जातो, समोर पुन्हा पुन्हा तीच नावे येतात, आणि जिथे पाहावे तिथे ‘हा गेम संपला’ असे वाचायला मिळते. दर दिवाळीत ते एक छोटी स्पर्धा भरवत आले आहेत. गेम खरोखरच उतरणीला लागला आहे का, आणि यंदा स्पर्धा भरवण्यात काही अर्थ आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी सांगलीत विश्रामबागेत अनेक वर्षे गेमिंग कॅफे चालवला, काउंटर-स्ट्राइक १.६ या गेमच्या काळापासून लॅन स्पर्धा (एका जागी संगणक जोडून खेळायच्या) भरवल्या, आणि आजही सांगली, मिरज आणि साताऱ्यातल्या काही गटांच्या स्पर्धांचे नियोजन पाहतो. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की डोटा २ वयस्कर झाला असला तरी मरणपंथाला लागलेला नाही; तुमचा गट मात्र खरोखरच आटतो आहे. या दोन गोष्टींची कारणे वेगवेगळी असल्यामुळे त्यांवरचे उपायही वेगवेगळे आहेत, म्हणून त्यांची सरमिसळ होऊ न देणे महत्त्वाचे आहे.

आधी आकड्यांचे पाहू, कारण बहुतेक वाद तिथूनच सुरू होतो. डोटा २ एकाच वेळी खेळणाऱ्यांची सर्वांत मोठी संख्या मार्च २०१६ मध्ये नोंदवली गेली, ती सुमारे १२ लाख ९० हजार होती. त्यानंतर तो उच्चांक कधीच मोडला गेला नाही, आणि अलीकडच्या वर्षांत रोजचा उच्चांक साधारणपणे त्याच्या निम्म्याच्या आसपास राहिला आहे. निम्मे हा शब्द ऐकला की मन खट्टू होते, हे मला कळते. पण हा निम्मा आकडासुद्धा पाच-सहा लाखांच्या पुढचा आहे, आणि गेली काही वर्षे तो कोसळण्याऐवजी एका पातळीवर टिकून आहे. सतत खाली जाणारी रेघ आणि एकदा खाली येऊन स्थिरावलेली रेघ यांतला फरक ‘मेलेला गेम’ असे लिहिणारे क्वचितच लक्षात घेतात.

शिवाय तो आकडा नेमके काय मोजतो, हेही पाहिले पाहिजे. २०१९ च्या सुरुवातीला ही संख्या पुन्हा दहा लाखांच्या पुढे गेली होती आणि अनेकांनी गेमचे पुनरागमन झाल्याचे जाहीर करून टाकले होते. प्रत्यक्षात ती गर्दी ऑटो चेसची होती. एका चिनी गटाने डोटा २ च्या आत तयार केलेला तो वेगळाच खेळ होता. तो खेळणारा माणूस डोटा २ उघडत असे, पण डोटा खेळत नसे. त्या खेळाच्या स्वतंत्र आवृत्त्या निघाल्यावर गर्दी तिकडे गेली. दुसरे उदाहरण टीम फोर्ट्रेस २ चे आहे. २००७ साली आलेल्या या गेमला २०१७ नंतर मोठा अपडेट मिळालेला नाही, तरी जुलै २०२३ मध्ये त्याने अडीच लाखांच्या वर जाऊन स्वतःचाच विक्रम मोडला. त्या आकड्यात माणसे किती आणि माणसांच्या जागी चालवलेले बॉट किती, हा प्रश्न तेव्हाही होता आणि बॉटचा त्रास इतका होता की खेळाडूंनीच त्याविरुद्ध जाहीर मोहिमा काढल्या. म्हणून केवळ डोकी मोजून निदान करणे मी फार पूर्वी सोडले.

बक्षिसाच्या रकमेवरून काढलेले निष्कर्ष तर त्याहून फसवे असतात. ‘द इंटरनॅशनल’ या वार्षिक स्पर्धेची रक्कम २०२१ मध्ये बुखारेस्टला ४ कोटी डॉलरच्या वर होती आणि २०२३ मध्ये सिएटलला ती सुमारे ३१ लाख डॉलरवर आली. एवढी मोठी घसरण पाहून कोणीही म्हणेल की गेम बुडाला. पण ही रक्कम मुख्यतः खेळाडूंनी विकत घेतलेल्या बॅटल पासमधून, म्हणजे गेममधल्या हंगामी पासमधून, उभी राहत असे. त्या विक्रीचा २५ टक्के भाग बक्षिसात जात होता. २०२३ मध्ये डोटा २ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो मोठा बॅटल पासच बंद केला आणि रक्कम साहजिकच खाली आली. व्यावसायिक संघांना याचा जबर फटका बसला, प्रायोजक मागे सरले, काही संघांनी डोटाची शाखा बंद केली, हे खरे आहे. परंतु रात्री जेवणानंतर दोन मॅच खेळणाऱ्या माणसाच्या खेळात त्यामुळे काहीच बदलले नाही. व्यावसायिक स्पर्धांची मंदी आणि खेळाची मंदी एक नव्हे.

आता तुमच्या मुख्य तक्रारीकडे येतो. मॅच लागायला वेळ लागतो हे तुमचे निरीक्षण अचूक आहे आणि त्याचा अर्थ नीट लावला तर त्यातून बरेच कळते. मॅच लावणाऱ्या यंत्रणेला फक्त दहा माणसे जमवायची नसतात. ती दहा माणसे साधारण सारख्या कौशल्याची, एकाच सर्व्हरवर कमी पिंग (संदेश जाऊन येण्याचा वेळ) असणारी, परस्परांना पूरक भूमिका घेणारी आणि शक्यतो सारख्याच आकाराच्या गटांत आलेली असावी लागतात. म्हणजे लाखो खेळाडूंचा तो समुद्र प्रत्यक्षात शेकडो लहान डबक्यांत विभागलेला असतो. एकूण खेळाडू काहीसे कमी झाले तर मधल्या रँकच्या एकट्या खेळाडूला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याचे डबके मुळातच मोठे असते. कमतरता सर्वांत आधी कडेला जाणवते: वरच्या रँकवर, अवेळी, लहान प्रदेशाच्या सर्व्हरवर आणि पाच जणांच्या पूर्ण गटाला. तुमचा गट या चारही कडांवर एकदमच उभा आहे. तुमच्यापैकी बहुतेक जण डिव्हाइन या वरच्या रँकला आहेत, तुम्ही पाच जण एकत्र रांगेत शिरता, भारतातला सर्व्हर निवडता आणि रात्री साडेबारानंतर बसता. अशा वेळी यंत्रणा एक तर तुम्हाला थांबवते, नाही तर कौशल्याची चाळण सैल करून जो संघ मिळेल तो समोर आणते. तीच नावे पुन्हा दिसतात ती यामुळे.

याची खातरजमा तुम्ही स्वतः करू शकता. एक आठवडाभर दोघांनीच रांगेत शिरा, रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान, भारताबरोबर सिंगापूरचा सर्व्हरही निवडून, आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. सांगलीतून सिंगापूरचा पिंग आता पूर्वीसारखा असह्य राहिलेला नाही. वेळ लक्षणीय कमी झाला तर दुखणे गेममध्ये नसून तुमच्या खेळण्याच्या पद्धतीत आहे, हे उघड होईल. मधल्या रँकवर, भर गर्दीच्या वेळी, एकट्या खेळाडूलाही पंधरा-वीस मिनिटे थांबावे लागू लागले, तर मात्र मी काळजी करायला लागेन.

मग गट का आटला? इथे सांगलीचाच इतिहास पाहावा लागतो. आपल्याकडे हा खेळ कॅफेत रुजला. भारनियमनाच्या काळात कोणत्या भागात किती वाजता वीज जाणार, हे पाहून आम्ही सामन्यांच्या वेळा ठरवत होतो, कारण घरी संगणक असणारी मुले थोडी होती आणि घरचे इंटरनेट त्याहून दुबळे होते. कॅफेत नवा मुलगा आपोआप शिकत असे. तो आधी मागे उभा राहून पाहायचा, मग कोणाची तरी जागा रिकामी झाली की बसायचा, आणि शेजारचा दादा त्याला क्रीपला, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या सैनिकाला, शेवटचा फटका कधी मारायचा हे बोट दाखवून सांगायचा. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि स्वस्त डेटा हातातल्या फोनवर पोहोचला. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला आणि कॅफेत येणारी शाळकरी मुले वर्षभरात फोनकडे वळली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने शहराचा सखल भाग पाण्याखाली गेला, आणि त्यात ज्यांची यंत्रे भिजली त्यांच्यापैकी काहींनी पुन्हा शटर उघडलेच नाही. जे उरले होते त्यांना पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदीने गाठले. यातल्या एकाही गोष्टीचा डोटा २ बरा की वाईट याच्याशी संबंध नाही, पण नव्या मुलाने मागे उभे राहून पाहण्याची जागा मात्र या चार वर्षांत गेली.

सप्टेंबर २०२० मध्ये भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली तेव्हा काही जुन्या खेळाडूंना वाटले होते की आता मुले संगणकाकडे परततील. ती परतली नाहीत. ती फोनवरच्याच दुसऱ्या गेमकडे गेली, आणि जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय ही पबजीची भारतीय आवृत्ती आल्यावर तिकडे वळली. मला यातून स्पष्ट दिसते की आपल्या भागातल्या पंधरा वर्षांच्या मुलाने डोटा नाकारलेला नाही. त्याच्यासमोर तो कधी आलाच नाही. घरात संगणक नाही, असला तर ताईच्या कामाचा लॅपटॉप आहे, आणि आसपास कॅफे नाही.

दुसरे कारण तुमच्याच वयाचे आहे. सांगली-साताऱ्याची मुले शिक्षण संपले की पुण्याला जातात, हिंजवडी-खराडीत नोकरीला लागतात, मग लग्न होते, मूल होते. ४० ते ५० मिनिटे मध्येच न उठता बसावे लागणारा खेळ अशा माणसाला परवडत नाही. अशा गळतीला मी वाईट मानत नाही, ती होणारच. प्रश्न जाणाऱ्यांचा नसून येणाऱ्यांचा आहे. कुस्तीच्या मैदानाला किती हजार माणसे जमली यावरून तालमीची प्रकृती कळत नाही. पहाटे लाल मातीत बारा वर्षांची किती पोरे उतरतात, ते वस्तादाला विचारावे लागते.

म्हणून डोटा २ मध्ये खरी चिंतेची जागा कोणती, तर नव्या खेळाडूचा पहिला महिना. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका ओळखीच्या कॅफेत मी दहावी झालेल्या एका मुलाच्या शेजारी बसून त्याच्या सुरुवातीच्या मॅच पाहिल्या. पुण्याचा मावसभाऊ खेळतो म्हणून त्याला उत्सुकता होती. त्याने स्नायपर हा हीरो, म्हणजे खेळातले पात्र, घेतला, कारण दुरून गोळी मारता येते एवढे त्याला चित्रावरून कळले. मिडवर, म्हणजे नकाशाच्या मधल्या वाटेवर, समोर असलेल्या खेळाडूचे खाते नवे दिसत होते, पण हात जुना होता: तो स्वतःचे क्रीप नेमक्या क्षणी मारून या मुलाचा अनुभव तोडत होता, वेळ बघून रून (ठरावीक वेळी येणारी तात्पुरती ताकद) उचलत होता आणि सहाव्या लेव्हलला येताच त्याने याला टॉवरखाली जाऊन मारले. दहाव्या मिनिटाला याच्याच संघातले दोघे माइकवर हिंदीत शिव्या द्यायला लागले. मुलगा कानांवरून हेडफोन काढून माझ्याकडे पाहायला लागला. मॅच सोडली तर दंड होतो हे मी त्याला सांगितले, म्हणून तो पुढचा अर्धा तास निमूटपणे बसला आणि मरत राहिला. मॅच संपल्यावर त्याने खिशातून फोन काढला, आणि मिनिटभरात तो बीजीएमआयच्या विमानात होता. तो मुलगा आळशी नव्हता आणि त्याला अवघड गोष्टींचे वावडेही नव्हते. त्याला पहिल्या तासात एकही माणूस असा भेटला नाही ज्याला तो तिथे असणे हवे होते.

वय वाढलेल्या प्रत्येक ऑनलाइन गेमची ही अडचण आहे. तेरा वर्षांपूर्वी सगळेच नवखे होते, त्यामुळे नवख्याला नवखा भेटत असे. आज सव्वाशेहून अधिक हीरो आहेत, प्रत्येकाच्या निदान चार क्षमता आहेत, विकत घेण्याच्या वस्तू शंभराहून अधिक आहेत, आणि एप्रिल २०२३ च्या ७.३३ पॅचने (गेममधल्या बदलांच्या अपडेटने) नकाशाही बराच मोठा केला. हे बदल तुम्हा-आम्हाला ताजे वाटतात आणि जुना माणूस त्यांच्यामुळेच टिकतो. पण प्रत्येक बदलाने दाराची पायरी थोडी उंच होते. कंपनीने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. सगळे हीरो पहिल्या दिवसापासून फुकट आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. २०२१ मध्ये नवख्यांसाठी शिकवणीची रचना नव्याने केली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये एकदम ९० हजार स्मर्फ खाती (मुरलेल्या खेळाडूंनी नवख्यांत खेळण्यासाठी काढलेली दुसरी खाती) बंद करण्यात आली. वेगवान टर्बो प्रकार आहे, त्यात मॅच बरीच लवकर संपते. तरीही शिव्या देणाऱ्या चार अनोळखी माणसांच्या जागी चार ओळखीची माणसे बसवणे कोणत्याही कंपनीला जमणारे नाही. ते काम स्थानिक गटाचेच आहे.

जुन्या गेमचे पुढे काय होते, याची उदाहरणे एकसारखी नाहीत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे वर्गणीदार २०१० मध्ये १ कोटी २० लाखांवर होते, २०१५ पर्यंत ते ५५ लाखांवर आले आणि त्यानंतर कंपनीने आकडा सांगणेच बंद केले; गेम आजही चालू आहे. सिटी ऑफ हीरोज खेळणारी निष्ठावान माणसे होती, तरी २०१२ मध्ये कंपनीने सर्व्हर बंद केले. एज ऑफ एम्पायर्स २ हा १९९९ चा गेम, त्याची निर्माती एन्सेम्बल स्टुडिओज २००९ मध्ये बंद झाली, पण स्पर्धा भरवणाऱ्या आणि नकाशे बनवणाऱ्या खेळाडूंनी तो धरून ठेवला, आणि २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. २०२२ मध्ये तर त्यात भारतावर आधारित विस्तारही निघाला. यांतून मी एवढेच घेतो की कंपनी सर्व्हर चालू ठेवते की नाही हे आपल्या हातात नसते, आणि व्हॉल्व्ह आजही डोटाचे पॅच काढते आहे, तोवर बाकीचे बरेचसे आपल्या हातात असते.

तुमच्या गटाबद्दल मी एकच गोष्ट विचारेन. रात्री साडेनऊला ग्रुपवर ‘कोण कोण आहे?’ असे कोण लिहितो? प्रत्येक गटात असा एखादाच माणूस असतो, तोच लॉबी उघडतो, तोच भांडणे मिटवतो, तोच पॅच वाचून सगळ्यांना सांगतो. मी पाहिलेले बहुतेक गट खेळाडू गेल्याने मोडलेले नाहीत. त्या एका माणसाची बदली झाली किंवा त्याला कंटाळा आला आणि त्याच्या जागी कोणी लिहिले नाही, म्हणून मोडले. तुमच्या ग्रुपवर ते काम अजूनही तुम्ही एकटेच करत असाल, तर तुम्हाला जाणवणारा थकवा गेमचा नाही.

स्पर्धा यंदा जरूर भरवा, पण जुन्या पद्धतीने नको. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज या दिवसांत पुण्याची मंडळी घरी असतात, त्यातले दोन दिवस घ्या आणि सगळ्यांना एका जागी बसवा. घरून ऑनलाइन खेळलेली स्पर्धा नव्या मुलाला काहीच दाखवत नाही. डोटा २ ला इंटरनेट लागतेच, म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन ठेवा. आदल्या दिवशी एका यंत्रावर गेम पूर्ण अपडेट करून बाकीच्यांवर कॉपी करा, नाहीतर पन्नास-साठ जीबी प्रत्येक यंत्रावर उतरवण्यात सकाळ जाईल. बक्षीस लहान ठेवा आणि खेळाडूंत किंवा प्रेक्षकांत पैज लावू देऊ नका; २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर पैसे लावण्याच्या बाबतीत सैलपणा परवडणारा नाही.

मुख्य बदल संघांच्या रचनेत करा. प्रत्येक संघात तीनच जुने खेळाडू असावेत आणि दोन जण असे असावेत ज्यांनी या वर्षापूर्वी डोटा खेळलेला नाही: धाकटा भाऊ, भाची, शेजारचा मुलगा, कोणीही. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत त्या तीन जुन्यांनी आपल्या दोन नव्यांना घेऊन आठवड्यातून दोनदा टर्बो खेळावे, समोरच्या संघाचे आणि अनोळखी माणसांचे माइक बंद ठेवून. नव्यांना सुरुवातीला दोनच हीरो द्या. क्रिस्टल मेडन आणि रेथ किंग मला यासाठी सोयीचे वाटतात, कारण त्यांचे काम लवकर कळते. रँकच्या मॅच त्यांच्यासोबत अजिबात खेळू नका, कारण रँक घसरली की जुन्या खेळाडूचा आवाज चढतो आणि मग नवा मुलगा दुसऱ्या दिवशी येत नाही.

स्पर्धा झाल्यावर फेब्रुवारीपर्यंत वाट पाहा. त्या नव्यांपैकी दोघे जरी कोणी न बोलावता ग्रुपवर येऊन मॅच मागू लागले असतील, तर पुढच्या दिवाळीची स्पर्धाही भरवा, आणि तिचे वेळापत्रक करण्याचे काम आणि ग्रुपचे अ‍ॅडमिनपद त्या दोघांना त्याच वेळी देऊन टाका. एकही जण आला नसेल, तर पुढच्या वर्षीपासून स्पर्धा, जाहिरात आणि बक्षीस बंद करा, जुन्यांनी दिवाळीत एक रात्र एकत्र बसून खेळायचे ठेवा आणि उरलेले दिवस प्रत्येकाने एकट्याने रांगेत शिरावे. गर्दीच्या वेळी, दोन सर्व्हर निवडून, मॅच तुम्हाला मिळत राहतील.